रागाच्या गोळ्या चालू आहेत? मग हे बघून घ्या

घरात बौद्धिक अपंगत्व असलेला मोठा भाऊ किंवा बहीण असेल आणि वर्षानुवर्षं 'रागाच्या गोळ्या' चालू असतील तर आधी सगळी पाकिटं आणि जुन्या चिठ्ठ्या ताटात काढा, एकेक गोळी कशासाठी, कोणी, कधी चालू केली ते वहीत लिहा. ज्या गोळीचं कारण घरात कोणालाच सांगता येत नाही तिच्यापुढे गोल करा, डॉक्टरला पहिले तेच विचारायचं.

रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल या मूळच्या सायकोसिसच्या (भास-भ्रम होण्याच्या आजाराच्या) गोळ्या, पण आपल्या माणसांना बऱ्याचदा नुसतं मारतो, ओरडतो म्हणून देतात. 2008 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात असाच एक अभ्यास आला होता, सायकोसिस नसलेल्या 86 जणांवर, त्यात ज्यांना औषध नसलेली गोळी दिली त्यांचंच मारणं-चिडणं सगळ्यात जास्त कमी झालं.

म्हणून डोस वाढवून मागायच्या आधी अंग तपासा. दाढ, कान, लघवीची जळजळ, चार दिवस संडास नाही, हे त्याला सांगता येत नाही, मग तो डोकं आपटतो. वहीत रोज झोप, संडास, चिडला कधी आणि त्याच्या आधी काय झालं एवढं लिहा, बस.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या गोळ्यांनी काहींना आतून अशी तगमग होते की एका जागी बसवत नाही, ओट्यावरून दारापर्यंत आणि दारापासून ओट्यापर्यंत नुसत्या येरझाऱ्या, आपल्याला वाटतं आजार वाढला, डॉक्टरला तसंच सांगतो, डोस वाढतो आणि तगमग अजून वाढते. असं काही दिसलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि 'गोळी चालू केल्यावर किंवा वाढवल्यावर सुरू झालं का' हे तारखेसकट सांगा. लाळ गळणं, हात थरथरणं, अंग आखडणं, तोंडाची आपोआप हालचाल, हेही दाखवा. वजन दर महिन्याला, शुगर डॉक्टर सांगतील तेव्हा.

आणि कृपा करून स्वतःच्या मनाने बंद करू नका!! व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपिन फिटसाठीही असतात, एकदम सोडल्या तर फिट येईल. कमी करायच्या तर एका वेळी एकच, हळूहळू, डॉक्टरच्या देखरेखीत.

आपल्याकडे उन्हाळा वेगळाच, जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. यातल्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो आणि तहान लागली हे तो सांगणार नाही, म्हणून दुपारी बाहेर नाही आणि पाणी आपणच मागे लागून पाजायचं. लिथियम (मूड स्थिर ठेवायची गोळी) चालू असेल आणि उलट्या, जुलाब, झोकांड्या सुरू झाल्या तर पुढची गोळी न देता लगेच दवाखाना गाठा, रक्तातली लिथियमची लेव्हल तपासायला सांगा.

तपासणीला जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत जा, वही सोबत घ्या. जाणं जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात.