तिथी पाहून वायंगणी: वेंगुर्ल्याजवळचा मोकळा किनारा कसा पाहावा

वेंगुर्ल्याच्या उत्तरेला असलेल्या वायंगणीच्या किनाऱ्यावर जायचे असेल, तर खोलीचे आरक्षण करण्यापूर्वी कालनिर्णय उघडून तिथी पाहावी. भरतीची वेळ काढण्याची कोकणातली जुनी रीत सोपी आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणावे, जे उत्तर येईल त्या वाजता पूर्ण भरती असते. चतुर्थीला तीन वाजता आणि अष्टमीला सहा वाजता भरती येते. पौर्णिमेला व अमावास्येला ती बाराच्या सुमारास येते आणि तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. हा हिशेब मुंबईच्या बाजूला अधिक चपखल बसतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येत असल्याने वेंगुर्ल्यात तासाभराची सूट धरावी आणि गावातल्या एखाद्या मच्छीमाराला विचारून खात्री करावी.

या हिशेबाचा प्रत्यक्ष उपयोग असा की, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पहाटे आणि संध्याकाळी पाणी दूर जाऊन चालण्याजोगी घट्ट वाळू मोकळी होते, दुपारी मात्र उधाणाचे पाणी बरेच वर चढते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असल्याने पाण्याची चढउतार कमी असते, पण नेमक्या सकाळ-संध्याकाळी पाणी काठाशी असते. माझ्या मते द्वितीया-तृतीयेची सकाळ सर्वांत सोयीची, कारण ऊन चढण्यापूर्वीच ओहोटी साधते.

मुंबईहून रात्री निघणारी कोकणकन्या सकाळी कुडाळला पोहोचवते. तिथून एस.टी.ने किंवा रिक्षाने वेंगुर्ल्यास यावे आणि मुक्काम गावातच ठेवावा. वायंगणीला जाताना परतीच्या रिक्षाचे आधीच ठरवून घ्यावे, कारण अंधार पडल्यावर तिथे वाहन मिळेलच अशी खात्री नसते. पिण्याचे पाणी, टोपी आणि कचरा परत आणण्यासाठी एक पिशवी सोबत असावी. किनाऱ्यावर दुकान किंवा जीवरक्षक असेल असे गृहीत धरू नये.

पोहण्याबाबत मी थोडा कठोर आहे: अनोळखी किनाऱ्यावर गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला एखादा पट्टा शांत आणि गडद दिसत असेल, तर तिथूनच पाणी आत ओढले जात असण्याची शक्यता असते, आणि नवख्या माणसाला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. ओढीत सापडल्यास काठाकडे झुंजत न बसता किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर यावे. खाडीच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरूच नये. कुठे रापण (काठावरून अनेकांनी मिळून ओढायचे मोठे जाळे) ओढणे चालू असेल तर दोराला पाय न लावता बाजूने जावे; हात लावायचा असेल तर आधी विचारावे, बहुधा आनंदाने दोर हाती देतात.

वायंगणीची ओळख ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीमुळे आहे. माद्या साधारण हिवाळ्यात येऊन वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये ती समुद्राकडे जाताना दिसण्याची आशा धरता येते. पिल्ले ठरल्या दिवशी बाहेर येत नाहीत, म्हणून दोन रात्री हाताशी ठेवाव्यात. विजेरीचा झोत, फ्लॅश आणि पिल्लांना उचलणे कटाक्षाने टाळावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या कासवाचा समावेश आहे.

भरतीचे तास गावासाठी राखून ठेवावेत. डचांच्या सतराव्या शतकातल्या वखारीच्या पडक्या भिंती अर्ध्या तासात पाहून होतात. फळ संशोधन केंद्राला मात्र बागायतीची आवड असणाऱ्याने सवडीने भेट द्यावी: काजूच्या ‘वेंगुर्ला’ नावाच्या जाती इथल्याच, आणि नीलम व हापूस यांच्या संकरातून आलेला रत्ना आंबाही इथलाच. भेटीची वेळ आधी विचारून घ्यावी.

दुसरा दिवस दक्षिणेकडे घालवावा. मोचेमाडच्या घाटीवरून खाडी आणि समुद्र एकत्र दिसतात, तिथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये. आरवलीला वेतोबाचे देऊळ आहे. देव रात्री गावाची राखण करीत फिरतो या श्रद्धेने त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात, आणि केळ्यांचे घड नवसाचे असतात. शिरोड्यात १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. रेडीचा द्विभुज गणपती १९७६ मध्ये खाणीत सापडला; तिथली गर्दी टाळायची तर सकाळी लवकर पोहोचावे आणि उन्हे उतरताना रेडीच्याच यशवंतगडावर जावे, जिथे झाडांच्या मुळांनी तटबंदी अक्षरशः कवेत घेतली आहे. पायांत बूट असावेत आणि अंधार पडण्यापूर्वी खाली उतरावे.