शिंगाच्या मुठीचा चाकू कुठला? या चुका टाळा

मामाच्या ट्रंकेत शिंगाच्या मुठीचा चाकू निघाला. म्यानावर इनॅमलचा बिल्ला, त्यावर र्‍युडेसहाइम. घरच्यांनी लगेच निकाल दिला : जर्मनीतल्या र्‍हाइन नदीकाठच्या त्या गावात बनलेला!

बिल्ल्यावरून कळतं ते फक्त विकलं कुठे हे. महाबळेश्वरच्या बाजारातल्या सगळ्या चपला काही महाबळेश्वरात बनत नाहीत.

खरा पत्ता पात्यावर, मुठीच्या अगदी जवळ असतो. भिंगाखाली मला तिथे दोन शब्द दिसले, ‘रोस्टफ्राय’ आणि ‘झोलिंगेन’. पहिल्याला लोक हमखास कंपनी समजतात. अर्थ एवढाच, ‘न गंजणारं’. आपल्या भांड्यांवर ‘स्टेनलेस’ असतं तसं. झोलिंगेन मात्र खरंच जर्मनीतलं चाकू-कात्र्यांचं शहर, आणि 1938 पासून ते नाव कायद्याने राखलेलं आहे. नक्कल करणारे तरीही छापतात, ते सोडा. सोबत ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर काळही सापडला : 1949 ते 1990. नुसतं ‘जर्मनी’ पाहून महायुद्धाआधीचा ठरवू नका, 1990 नंतरही तेच छापतात.

छाप पुसट असला तर घासू नका. मी एकदा काथ्या आणि राख चालवली होती. गंज गेला, अक्षरंही गेली. तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवा, मऊ फडक्याने पुसा, टॉर्च तिरका धरून वाचा.

मूठ खरी का, हे बघायला तापलेली सुई टोचायचा सल्ला कुणीतरी देतंच. डाग कायमचा राहतो. त्यापेक्षा दोन्ही बाजूंच्या खाचा बघा. हुबेहूब सारख्या असतील, कडेला साच्याची रेघ असेल, तर प्लास्टिक. हरणाच्या खऱ्या शिंगाच्या कापलेल्या टोकाला मधे पावासारखी जाळी दिसते. सांबरशिंगात ही जाळी कमी, शिंग भरीव. म्हणूनच झोलिंगेन आणि इंग्लंडमधल्या शेफील्डच्या चाकू-कारखान्यांत त्याला मागणी, आणि ते जायचं भारतातून! तेव्हा मुठीवरून चाकूचा देश ठरवणं ही सगळ्यात मोठी चूक. मामाने जर्मनीहून आणलेलं शिंग कदाचित इकडच्याच जंगलातलं असेल.

आणि किंमत काढायला ऑनलाइन फोटो टाकू नका. सांबर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्याच्या शिंगाची विक्री गुन्हा ठरते. ‘जुनं आहे, परदेशातून आणलंय’ एवढ्यावर भागेलच असं नाही. आधी वनविभागात विचारा.