बिट आणि बिट-गार्ड: सीझन सुरू व्हायच्या आधीची तयारी

चवथ झाली, पाऊस ओसरायला लागला की गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत ज्याच्याकडं घोडा आहे तो सामान बाहेर काढतो. खोगीर पुसून होतं, तंग ताणून बघून होतो, नालबंदाला फोन जातो, आणि लगाम मात्र खुंटीवरून काढून तसाच्या तसा तोंडात चढवला जातो. मला हे खरंच खटकतं. चार महिने घोडा जवळजवळ मोकळा उभा असतो, त्यात त्याचं तोंड बदललेलं असतं आणि आपल्या दमट हवेत चामडं पण बदललेलं असतं, तर आधी तोंड बघा, मग माप, मग बिट, म्हणजे लगामाचा तोंडात जाणारा, दोन्ही टोकांना रिंग असलेला धातूचा दांडा, आणि गार्ड, म्हणजे ओठ आणि रिंग यांच्या मध्ये बसणारी रबरी चकती, सगळ्यात शेवटी. बरेच जण उलटं करतात, बिट बोचतंय म्हटल्यावर रबरी गार्ड लावून मोकळे होतात.

तोंड बघायला सकाळचा चांगला उजेड घ्या, घोड्याला मोरकी घाला, दोरी माणसानं धरायची, चिऱ्याच्या भिंतीजवळ घट्ट बांधून हे काम करायचं नाही कारण मान झटकली तर डोकं भिंतीवर आपटतं. बाजूला उभं राहून अंगठा ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवा, तिथं दात नसतात. पुढचे कातरायचे दात आणि मागच्या दाढा यांच्या मधली ही मोकळी हिरडी, बिट बसतं ते इथंच, आणि हिरडीचा थर इथं इतका पातळ असतो की खाली लगेच हाड लागतं. बोट फिरवून बघा, कुठं उंचवटा, कुठं दुखरी जागा, घोडा एकाच बाजूला दचकतोय का. ओठांचे कोपरे चिरलेत का, गालाच्या आत दाढांनी घासून जखमा झाल्यात का, तोंडाला घाण वास येतोय का, आणि गव्हाणीखाली अर्धवट चावलेल्या गवताचे गोळे पडलेत का हे पण बघा, ते पडत असतील तर दाढांना धार आलीय असं समजून डॉक्टरांना बोलवा. नराला साधारण चार-पाच वर्षांच्या सुमारास सुळे येतात, घोडीला बहुतेक वेळा येत नाहीत किंवा अगदी बारीक येतात. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या पुढं काही घोड्यांना एक छोटासा दात असतो, डॉक्टर त्याला वुल्फ टूथ म्हणतात, त्याच्यावर बिट आपटलं की घोडा मान उडवतो आणि आपण त्याला हट्टी म्हणून मोकळे होतो. तो काढायचा की नाही हे पशुवैद्यच ठरवणार, पक्कड घेऊन येणाऱ्या कुणालाही हात लावू द्यायचा नाही. अडीच ते पाच वर्षांच्या घोड्याचे दुधाचे दात पडत असतात, त्याचं तोंड सहा महिन्यांनी बघून घ्या, मोठ्याचं वर्षातून एकदा. कोपऱ्यात ताजी जखम दिसली तर ती भरेपर्यंत बिट नाही, फिरवायचं तर मोरकीवर हातात धरून फिरवा, पर्यटकांची कितीही गर्दी असली तरी.

आता माप. अर्धा इंची प्लास्टिकच्या पाइपचा वीतभर तुकडा घ्या, कडा घासून गुळगुळीत करा, त्यात दोन रबरबँड अडकवा, पाइप बिटाच्या जागी तोंडात धरा आणि दोन्ही रबरबँड ओठाला हलके टेकेपर्यंत सरकवा. बाहेर काढून मधलं अंतर मोजा. गोल सुटी रिंग असलेलं बिट घेणार असाल, लूज रिंग म्हणतात ते, तर दोन्ही बाजूंना पाच-सहा मिलिमीटर जागा सोडा, रिंग पक्की असलेलं एगबट किंवा डी-रिंग असेल तर दोन-तीन मिलिमीटर पुरतात. बिटाचं माप रिंगच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत घेतात आणि जोड असलेलं बिट टेबलावर सरळ ताणूनच मोजायचं, लोंबतं मोजलं की चुकतं. आपल्याकडं सारंगखेड्याच्या बाजारातून आलेले मारवाडी, काठियावाडी घोडे बऱ्याचदा साडेचार ते पाच इंचात बसतात, पण बसतात म्हणून न मोजता मागवू नका. पाच इंच म्हणजे 127 मिलिमीटर, पण मिलिमीटरमधल्या मालात 125 चं बिट पाच इंची म्हणूनच विकलं जातं, फोनवर ऑर्डर देताना हे स्पष्ट विचारून घ्या. एकेकाळी अरबी घोडे जहाजातून गोव्यात उतरून विजयनगरला जायचे, आज त्याच गोव्यात एक धड बिट घ्यायचं तर बहुतेकांना कानपूरच्या मालावर अवलंबून राहावं लागतं, आणि परत पाठवायची कटकट मोठी, म्हणून मापाला अर्धा तास जास्त गेला तरी चालेल.

बिट निवडताना मी फार शहाणपणा करायचा नाही असं सांगेन. नवीन शिकणारे बसणार असतील तर साधं गुळगुळीत स्नॅफल, म्हणजे ज्यात लगामाची ओढ थेट तोंडावर येते ते बिट, शक्यतो दोन जोडांचं, मध्ये गोलसर मणी असलेलं. एका जोडाचं बिट ओढलं की मधून मोडतं आणि काही घोड्यांना टाळूला टोचतं, जिभेलाही चिमटा बसतो. जाड बिट म्हणजे सौम्य बिट असं सगळे सांगतात, पण ज्याची जीभ मांसल आहे आणि टाळू बसका आहे त्याच्या तोंडात जाड बिटाला जागाच नसते, तो तोंड उघडं ठेवतो. ओठ किंचित फाकवून बघा, जीभ बाहेर फुगून आलेली दिसली तर चौदा ते सोळा मिलिमीटर जाडीचं ट्राय करा. स्टेनलेस स्टीलच घ्या, निकेलचा मुलामा दिलेलं स्वस्त बिट किनाऱ्याच्या खाऱ्या वाऱ्यात लवकर सोलतं आणि ती सोललेली कड कापते. बोटानं, नाही तर जुन्या नायलॉन मोज्यानं सगळीकडून पुसून बघा, धागा अडकला तर ते बिट बाद. आणि काटेरी लगाम कुठल्याही कारणानं नाही, मिरवणुकीचा घोडा असो की लग्नातला. 1965 च्या ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठीच्या नियमांत काटे, गाठी असलेलं बिट वापरायला सरळ बंदी आहे. हनुवटीखाली साखळी असलेली बिटं ज्याचा हात स्थिर आहे त्याच्यासाठी, भाड्याच्या घोड्यावर अजिबात नको.

मग गार्ड. रबराची गोल चकती, मध्ये भोक, ओठ आणि रिंग यांच्या मध्ये बसते, तिचं काम दोन गोष्टींपुरतं: सुट्या रिंगच्या भोकात ओठाची कातडी चिमटू नये, आणि एका बाजूनं ओढल्यावर रिंग तोंडात सरकू नये. पक्क्या रिंगच्या बिटाला बहुतेक वेळा गरज नसते. पाव इंच मोठं बिट असेल तर गार्डनं थोडी जागा भरून निघते, पण मुळात घट्ट असलेल्या बिटाला गार्ड लावलात तर ते अजून घट्ट होणार, कारण चकतीची जाडी दोन्ही बाजूंनी आत येते. म्हणून गार्ड लावायचेच ठरलं असेल तर माप घेताना तेवढी जागा आधीच धरा. आतून ब्रशसारखे केस असलेले गार्ड मिळतात, एका बाजूला वळत नसलेल्या घोड्याला टोचायला, ते माझ्या तबेल्यात येणार नाहीत. घोडा वळत नाही तर दात, मान, पाठ, नाहीतर स्वाराचा हात बघा.

चढवताना सगळ्यांची कसोटी लागते, कारण भोक रुपयाच्या नाण्याएवढं आणि रिंग तळहाताएवढी. न्हाणीतल्या भाणातलं कढत पाणी बादलीत काढा, गार्ड त्यात पाचेक मिनिटं ठेवा, साबणाचं पाणी चोळा. खोबरेल तेल हाताशी असतं म्हणून ते लावू नका, व्हॅसलीनही नको, तेलानं रबर फुगतं आणि सैल होऊन फाटतं. मग दोन मजबूत सुती नाड्या भोकातून ओवायच्या, सुंभ वापरला तर रबर कापतो, एक नाडी खिडकीच्या गजाला किंवा दाराच्या कडीला बांधायची, दुसरी एकानं उलट्या दिशेला ओढायची, भोक लांबट होतं तेवढ्यात दुसऱ्यानं रिंग एका कडेनं आत घालून फिरवत पार करायची. दोन माणसं पाहिजेतच, एकट्यानं केलं की सुटलेलं रबर तोंडावर बसतं. चकती रिंगवर न राहता तोंडातल्या दांड्यावर येऊन बसली का बघा, सपाट गुळगुळीत बाजू घोड्याच्या गालाकडं, दोन्ही एकाच मापाच्या. हे जमत नसेल तर चिरलेले, वेल्क्रोचे गार्ड येतात, पण वेल्क्रोमध्ये किनाऱ्याची वाळू भरते आणि कड ओठाला घासते, मी ते फक्त बांधावरून, माळावरून फिरणाऱ्या घोड्यासाठी घेईन.

तोंडात चढवल्यावर गालपट्ट्यांची भोकं दोन्हीकडं सारखी मोजा, पण तेवढ्यावर विश्वास ठेवू नका, पावसात चामडं एका बाजूनं जास्त ताणलेलं असतं, म्हणून समोर उभं राहून बिट सरळ आडवं दिसतंय का तेच खरं. ओठाच्या कोपऱ्यात एक-दोन हलक्या सुरकुत्या पडाव्यात, घोडा हसल्यासारखा दिसत असेल तर फार वर चढलंय, आणि सुळ्याला लागत असेल तर फार खाली. सुरकुत्या मोजायच्या आधी रिंगा हलक्या हातानं धरून जोड सरळ करा. नाकपट्टीखाली नाकाच्या हाडावर मोठ्या माणसाची दोन बोटं सहज जायला पाहिजेत, तोंड उघडतो म्हणून पट्टी आवळणं हा उपाय नाही. पहिल्या दिवशी दहा मिनिटं नुसतं चघळू द्या, मग हातात धरून चालवा, बसायचं दुसऱ्या दिवशी. मान उडवणं, जीभ बिटावरून वर काढणं, एकाच बाजूला तोंड वाकडं करणं दिसलं की उतरा आणि परत बघा.

किनाऱ्यावरून आल्यावर बिट आणि गार्ड दोन्ही गोड्या पाण्यानं धुवा, त्याच दिवशी, मोतद्दाराला हे एकदा करून दाखवा म्हणजे तुम्ही नसताना पण होतं. पितळ घासायची पावडर तोंडात जाणाऱ्या भागाला नाही. बुरशी आलेलं चामडं कोरड्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवा. गार्ड दर आठवड्याला वाकवून बघा, उन्हानं बारीक चिरा पडल्या की बदला, चिरलेलं रबर चिमटायला लागतं. जास्तीची एक जोडी, दोन नाड्या आणि तो पाइपचा तुकडा पिशवीत ठेवून द्या. घोड्याचं माप, तारीख आणि गालपट्टीची भोकं तबेल्याच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं न लिहिता मार्करनं लिहा, आणि पाच वर्षांच्या आतलं शिंगरू असेल तर दिवाळीला आणि शिगम्याला परत मोजा.