भेटीचे गुलाब चार दिवस टिकवायचे असतील तर

सकाळी घेतलेला गुच्छ संध्याकाळी वाढदिवसाला पोचेपर्यंत मान टाकतो. फुलं बघून नाही, दाबून घ्या. पाकळ्या जिथे देठाला मिळतात तिथे दोन बोटांनी हलकेच दाबा. टणक लागलं तर ताजं, मऊ लागलं तर शिळं. बाहेरची एखादी पाकळी हिरवट, सुरकुतलेली असली तरी चालेल, ती कळीचं रक्षण करते. देताना अलगद काढून टाका.

पुण्यात मार्केट यार्डच्या फूलबाजारात सकाळी लवकर गेलात तर मावळातल्या पॉलीहाऊसचे लांब दांड्यांचे गुलाब जुडीने मिळतात.

घरी आल्यावर:
१. प्लास्टिक लगेच सोडा.
२. पाण्यात बुडतील ती पानं काढा.
३. देठ पाण्याखाली धरून, धारदार सुरीने इंचभर तिरपा कापा.
४. स्वच्छ बादलीत दोन तास ठेवा, मगच बांधा.

मान टाकलेलं फूल फेकू नका. देठ पुन्हा कापून अख्खं फूल तासभर कोमट पाण्यात आडवं बुडवा, बहुतेकदा ताठ होतं.

एक सांभाळा: गुच्छ पिकलेल्या केळ्यांजवळ ठेवू नका, फुलं लवकर गळतात.