अगोटीच्या जळणासाठी कटर मशीन घेताना

शिमगा आटोपला, पालख्या देवळात परतल्या की कोकणात अगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायच्या, जळणाची लगबग सुरू होते. मिरगाचा, म्हणजे ७ जूनच्या आसपासचा, पहिला पाऊस पडायच्या आत वर्षाचं लाकूड तोडून, फोडून पडवीत नाहीतर मांगरात रचलेलं हवं. फाल्गुन-चैत्रात कापलेलं ओलं लाकूड वैशाखाच्या उन्हात चांगलं सुकतं. मे संपता संपता कापलेलं मात्र अख्खा पावसाळा चुलीत धुमसत राहतं. त्यामुळे यंदा चेनसॉ, आपल्या बोलण्यातली कटर मशीन, घ्यायचं मनात असेल तर दुकानाची पायरी आत्ताच चढा.

आधी एक काम करा. गेल्या वर्षी आपण काय काय कापलं ते आठवा. रोठ्याने, म्हणजे खोड पोखरणाऱ्या अळीने, वाळलेल्या काजूच्या फांद्या, आंब्याची मेलेली सुकी डहाळी, ऑस्ट्रेलियन बाभळीचे मनगटाएवढे ते मांडीएवढे वासे, कुंपणावरचं वाढलेलं गिरिपुष्प, वाऱ्याने मोडलेली फणसाची एखादी फांदी. यातलं बहुतेक लाकूड ३ ते ८ इंच जाडीचं असतं. १० इंचांवर गेलं तर ते वर्षातून एखाद-दोन वेळा. तरीही गावात घरोघरी २२ इंची पट्टीची (पट्टी म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते ती), ५८ सीसीची मशीन दिसते.

याचं कारण आपल्याला ठाऊक आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या भागात आंबे, माड, पोफळी मुळासकट आडव्या झाल्या. रस्ते बंद, वीज नाही, घरावर झाड. त्या दिवसांत ज्याला जी मशीन मिळाली ती त्याने आणली, आणि मोठ्या बुंध्यासाठी मोठी मशीन घेतली यात चूक काहीच नव्हती. पण मग तीच मशीन रोजच्या बारीक लाकडाला वापरायची सवय पडली. नवीन घेणाराही शेजाऱ्याची बघून तीच मागतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की मशीन रोज कापायच्या लाकडावरून निवडा. वर्षातून एकदा येणारा मोठा ओंडका मोठी मशीनवाला गडी भाड्याने आणून कापून घ्या.

वजनाचा हिशेब बघा. २२ इंची पट्टी, चेन, भरलेली पेट्रोलची टाकी आणि चेन ऑइल धरून ५८ सीसीची मशीन ७ किलोच्या घरात जाते. १६ इंची पट्टीची ४५ सीसीची मशीन सगळं भरून ६ किलोच्या आसपास राहते. तराजूवर फरक किलोभराचा, पण लांब पट्टीमुळे वजन पुढच्या टोकाकडे ओढतं आणि डाव्या मनगटावर येतं. काजूच्या बागेत उतारावर, पायाखाली सुका पाला, आणि दिवसभरात दोनशे-तीनशे छेद. दहा वाजेपर्यंत हात भरून येतात. हात दमला की पट्टीचं टोक कुठे जातंय इकडे लक्ष राहत नाही, आणि अपघात तिथेच होतो.

जळण आणि बाग अशा दोन्ही कामांना ४० ते ५० सीसी, साधारण २ किलोवॉट ताकद आणि १६ इंची पट्टी हा मेळ मला सगळ्यात बरोबर वाटतो. काम फक्त बागेतल्या फांद्यांचं असेल तर ३० ते ३५ सीसी आणि १४ इंची पट्टी पुरते. नुसत्या सीसीच्या आकड्यावर जाऊ नका. मशीनवर किंवा पुस्तिकेत किलोवॉट किती लिहिलेत ते बघा. लिहिलेलेच नसतील तर मी ती मशीन घेणार नाही. लांब पट्टीचा आणखी एक तोटा दुकानात कळत नाही, तो घरी कानस हातात घेतल्यावर कळतो. २२ इंची चेनला खालच्या बाजूने ८६ लिंक असतात, म्हणजे वर ४३ दात. १६ इंचीला ३३ च्या आसपास. धार लावताना प्रत्येक दाताला तीन-चार हात कानस मारायची, तर ते दहा दात दर वेळी फुकटचे घासायचे.

आता चेनबद्दल थोडं सविस्तर, कारण बारीक लाकडाचा खरा प्रश्न इंजिनात नसून चेनमध्ये आहे. जाड ओंडका आपल्या वजनाने जागच्या जागी राहतो. बारीक फांदी तशी राहत नाही. दाताने पकडली की ती थरथरते, फिरते, कधी चेनबरोबर ओढली जाऊन अंगावर येते. मोठ्या दातांची चेन दर दातागणिक मोठा घास घेते, तीन इंची फांदीत तो घास म्हणजे झटकाच. म्हणून बारीक लाकडाला लहान घास घेणारी चेन लावायची. बाजारात मिळणारे मुख्य तीन प्रकार असे: ३/८ लो प्रोफाइल, .३२५ आणि पूर्ण ३/८. हे आकडे पिचचे, म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचे, इंचात. लहान मशीनला पहिली, मधल्या मशीनला .३२५. तिसरी मोठ्या मशीनची, ती आपल्या कामाची नाही. 'लो किकबॅक' प्रकारची चेन मिळत असेल तर तीच मागा, कापायला जराशी मंद लागेल पण झटका कमी देते. चेन बदलताना पट्टी किती इंची एवढं सांगून भागत नाही. पिच, खालच्या लिंकची जाडी आणि लिंकची संख्या या तिन्ही गोष्टी जुळायला हव्यात. जुनी चेनच दुकानात घेऊन जा.

दुकानात मशीन फक्त हातात घेऊन बघू नका, पेट्रोल घालून चालू करायला सांगा. आधी बंद मशीन दोन्ही हातांनी कमरेच्या उंचीवर आडवी धरून मिनिटभर उभे राहा. टोक खाली झुकायला लागलं तर पट्टी तुमच्या हाताला लांब आहे. मग चालू करून मंद गतीवर ठेवा. गाडी न्यूट्रलला असावी तशी चेन पूर्ण थांबलेली दिसली पाहिजे, सरकत असेल तर कार्बोरेटर नीट लावून घ्या. पुढच्या हँडलसमोरची ढाल पुढे ढकलली की चेन ब्रेक लागतो. तो खटकन लागायला हवा आणि मागे ओढल्यावर सुटायला हवा. शेवटी पट्टीचं टोक एका पुठ्ठ्यापासून वीतभर अंतरावर धरून रेस करा. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली म्हणजे ऑइल पंप चालतोय. रेघ उमटली नाही तर कितीही स्वस्त असली तरी परत ठेवा. कोरड्या चेनने पट्टी तासाभरात तापून निळी पडते. हँडलला कंप शोषणारे रबर किंवा स्प्रिंग आहेत का, रेस दाबायच्या आधी दाबायची वरची कळ आहे का, आणि तुटलेली चेन अडवणारा खालचा आकडा आहे का, हेही बघा. आणि विचारा, की सुटे भाग तालुक्याला मिळतात का. दोरी, डायफ्राम, क्लच आणायला मुंबई गाठावी लागत असेल तर ऐन हंगामात मशीन पडून राहील.

बॅटरीवरच्या लहान मशीनही आता आल्या आहेत. दोन-तीन इंची डहाळीला, घराजवळच्या बागेत त्या छानच, आवाज नाही आणि धूर नाही. पण सलग जळण कापायला आणि रानात जिथे चार्जिंग नाही तिथे अजून पेट्रोलचीच लागते. दीड-दोन इंचांच्या खालचं लाकूड तर कुठल्याच मशीनने कापू नये. तिथे कोयती आणि करवत.

बारीक लाकूड कापायला मशीनइतकाच घोडा महत्त्वाचा. वाश्याचे तुकडे फुलीसारखे ठोकून, दोन फुल्या आडव्या पट्टीने जोडायच्या, उंची मांडीच्या वर. त्यावर फांदी ठेवली की ती फिरत नाही आणि पाठ वाकत नाही. सुतार लागत नाही, दोन तासांचं काम आहे. जमिनीवर ठेवून कापायला गेलात तर छेद पूर्ण होता होता टोक मातीत जातं, आणि आपल्याकडे मातीखाली जांभा असतो. जांभ्याला एकदा चेन लागली की सकाळी लावलेली धार त्या एका क्षणात गेली. फांदीला मशीनचा पंजा, म्हणजे पट्टीच्या मुळाशी असलेले लोखंडी दाते, आधी टेकवायचा. पूर्ण रेस दिल्यावरच चेन लाकडाला लावायची. अर्ध्या रेसवर लावली की झटका बसतो.

सगळ्यात धोक्याची जागा पट्टीच्या टोकाचा वरचा चतकोर. त्या जागी चालू चेनला काहीही टेकलं तर मशीन डोळ्याची पापणी लवायच्या आत उसळून तोंडाकडे येते. पूर्ण रेसवर चेन सेकंदाला १७ ते २० मीटर धावत असते, हाताने अडवू म्हटलं तर वेळच मिळत नाही. जाड ओंडक्यात टोक दिसतं. फांद्यांच्या जाळीत मात्र आपण एक फांदी कापत असतो आणि टोक मागच्या दुसऱ्या डहाळीला लागतं. पट्टी आखूड असावी हा आग्रह यासाठीच आहे. डावा अंगठा हँडलखालून वेढलेला ठेवा, उभं राहताना पट्टीच्या रेषेत डोकं आणू नका, खांद्याच्या वर मशीन उचलू नका. शिडीवर किंवा झाडावर चढून ही मशीन चालवू नका. उंच फांदीसाठी लांब दांड्याची करवत वापरा. वाकून ताणलेली फांदी दिसली तर आतल्या बाजूने थोडा थोडा छेद देत तिचा ताण उतरवा, एका दमात कापली की ती चाबकासारखी फटका मारते.

लुंगी, हाफ पँट, स्लीपर घालून मशीनला हात लावू नका. जाड पँट, बूट, चष्मा, आणि कानाला मफ. मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर असतो, रोज ऐकून कान कायमचे जातात. चेन अडवणारी खास पँट मिळते. वर्षाचं जळण स्वतः कापणाऱ्याने ती मशीनबरोबरच घ्यावी असं मी कळकळीने सांगतो.

धार दर टाकीला लावा. .३२५ च्या चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस, ३/८ लो प्रोफाइलला ४ मिलिमीटरची. कानस दाताच्या आतून बाहेर न्यायची, परत आणताना उचलायची, कोन ३० अंशांचा, आणि दोन्ही बाजूंच्या दातांना सारखेच हात. दातापुढचा छोटा उंचवटा दाताच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असतो. काही जण भराभर कापावं म्हणून तो जास्त घासतात. बारीक लाकडात अशी चेन फांदी हिसकावते, त्याला हात लावायचा तर मापाची पट्टी ठेवूनच. लाकडातून भुशाऐवजी जाड ढलप्या पडत असतील तर धार चांगली आहे. पीठ पडायला लागलं की थांबा आणि घासा.

हे दिवस वणव्याचे आहेत. सुकं गवत, सुका पाला, आणि मशीनचा सायलेन्सर तापलेला. पेट्रोल उघड्या मातीवर भरा, इंजिन थोडं निवल्यावर, आणि भरल्या जागेपासून दहा पावलं लांब जाऊन चालू करा. तापलेली मशीन पाल्यावर ठेवू नका. पाण्याची कळशी आणि एक हिरवी फांदी जवळ असू द्या. काम सकाळी सात ते दहा, मग नाही. चेन ऑइलच्या जागी गाडीचं काढलेलं जळकं ऑइल घालायची पद्धत सोडा. त्यातली कीस पंप खाते, आणि ते शेवटी आपल्याच बागेच्या मातीत उतरतं.

रोठ्याने मेलेली काजूची फांदी जळणात घेताना ती बागेजवळ रचून ठेवू नका, आतली कीड तिथूनच पुन्हा बाहेर पडते. ती आधी चुलीत घाला. आणि अख्खं झाड तोडायचं असेल तर १९६४ चा महाराष्ट्र झाडे तोडणे अधिनियम लक्षात असू द्या. आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ, चिंच ही झाडं त्याच्या अनुसूचीत आहेत, आणि आपल्या मालकीच्या जमिनीतली असली तरी तोडायला परवानगी लागते. कोयती लावायच्या आधी वन खात्यात विचारून घ्या.

माझी पहिली मशीन मी जूनमध्ये टाकी भरलेलीच मांगरात ठेवली होती. गणपतीला दोरी ओढली तर चालू होईना. कार्बोरेटरचा डायफ्राम कडक होऊन गेला होता. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि कोकणच्या पावसाळ्यात ओलीला काय कमी. म्हणून मिश्रण लागेल तेवढंच करा. चांगल्या टू-स्ट्रोक ऑइलचं प्रमाण बहुतेक मशीनला १ लिटरला २० मिलिलिटर असतं, तरी पुस्तिकेत बघून घ्या. मिरगाआधी टाकी रिकामी करून मशीन मंद गतीवर आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. प्लग काढून आत टू-स्ट्रोक ऑइलचे चार-पाच थेंब सोडा, दोरी दोनदा हळू ओढा, प्लग लावा. पट्टीच्या खाचेतला भुसा खरवडा, पट्टी उलटी करून ठेवा, चेन तेलात बुडवून डब्यात घाला. मशीन जमिनीवर नको, माळ्यावर कोरड्या जागी. भाद्रपदात ताजं मिश्रण घालूनच चालू करा.