मोजक्या पॅकेट्सनी राउटर बसू नये म्हणून: सोलापुरातील लहान इंटरनेट सेवादारांसाठी

जुळे सोलापूर, विजापूर रस्ता किंवा अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसी अशा भागांत घरोघरी आणि कारखान्यांत फायबर पोचवणाऱ्या सेवादाराचे नेटवर्क बंद पडले की पहिला संशय तुटलेल्या केबलवर जातो आणि दुसरा बाहेरून आलेल्या ट्रॅफिकच्या लोंढ्यावर. लिंक जवळजवळ रिकामी असतानाही मोजकी पॅकेट्स (नेटवर्कवरून जाणारे डेटाचे छोटे तुकडे) राउटरच्या सॉफ्टवेअरमधील त्रुटीवर नेमकी आदळून तो निकामी करू शकतात, ही तिसरी शक्यता मात्र क्वचितच तपासली जाते.

याचे कारण राउटरच्या रचनेत आहे. ग्राहकांचे ट्रॅफिक पुढे ढकलण्याचे काम मोठ्या राउटरमध्ये वेगळी चिप करते, पण खुद्द राउटरला उद्देशून आलेले प्रत्येक पॅकेट त्याच्या तुलनेने दुबळ्या सीपीयूकडे जाते. जुलै २००३ मध्ये सिस्कोने जाहीर केलेल्या त्रुटीत अशी काही विशिष्ट पॅकेट्स इंटरफेसच्या (राउटरच्या जोडणीच्या) इनपुट रांगेतच, म्हणजे आत येणाऱ्या पॅकेट्सच्या रांगेत, अडकून राहत. रांगेची मूळ मर्यादा ७५ पॅकेट्सची, ती भरली की तो इंटरफेस पुढे काहीही स्वीकारत नसे. त्यासाठी लोंढ्याची गरजच नव्हती.

म्हणून पहिले काम यादीचे. कोअर राउटर, ओएलटी (सेवादाराकडील फायबरचे मुख्य उपकरण), स्विच आणि ग्राहकाकडील ओएनटी (फायबर जोडलेले घरचे उपकरण) यांचे मॉडेल, फर्मवेअरची (उपकरणातील मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती आणि चालू असलेल्या सेवा लिहून काढाव्यात आणि प्रत्येक कंपनीच्या सुरक्षा-सूचना ईमेलवर येतील अशी व्यवस्था करावी. ओएनटी यादीतून वगळण्याची चूक महागात पडते. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा कोलमडली, कारण त्यांच्या घरच्या राउटरचा दूरस्थ व्यवस्थापनासाठीचा ७५४७ हा पोर्ट (सेवेचे क्रमांकित दार) इंटरनेटवरून पोचण्याजोगा राहिला होता. हल्लेखोरांना ते राउटर ताब्यात घ्यायचे होते. ते साधले नाही, पण त्या प्रयत्नाच्या भाराखालीच उपकरणे बंद पडली.

दुसरे काम दारे बंद करण्याचे, आणि माझ्या मते सर्वाधिक लाभ येथेच आहे. टेलनेट, वेब पॅनेल, एसएनएमपी आणि मायक्रोटिक राउटरचा विनबॉक्स ही उपकरणे दुरून हाताळण्याची व त्यांच्यावर लक्ष ठेवण्याची साधने केवळ स्वतंत्र व्यवस्थापन व्हीलॅनमधूनच (त्याच तारांवरील वेगळ्या आभासी नेटवर्कमधूनच) उघडावीत. सीपीयूकडे जाणाऱ्या पॅकेट्सवर फिल्टर आणि वेगमर्यादा घालावी. हे व्यवस्थापन व्हीलॅन, आपल्या बीजीपी शेजाऱ्याचा (ज्याच्याशी मार्गांची माहिती देवाणघेवाण होते त्या राउटरचा) पत्ता, आयसीएमपी (पिंगसारखे तपासणी संदेश) आणि ग्राहकांचे पीपीपीओई (लॉगिन करून जोडणी सुरू करण्याची पद्धत) यांना मोजून जागा द्यावी व उरलेले नाकारावे. मर्यादा ठरवताना एक स्थानिक गोष्ट विसरू नये: एखाद्या भागातील गेलेली वीज परत आली की तेथील शेकडो ओएनटी एकाच क्षणी डायल करतात (जोडणीसाठी लॉगिन करतात) आणि सीपीयू शंभर टक्क्यांवर जातो. हा हल्ला नव्हे. अशा वेळच्या नोंदी आधीच जपून ठेवल्या तर खरा हल्ला वेगळा ओळखता येतो.

फर्मवेअरचे अद्यतन आधी सुट्या उपकरणावर तपासावे, जुन्या कॉन्फिगरेशनची प्रत काढावी आणि पहाटे तीनच्या सुमारास काम करावे. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेच्या दिवसांत मात्र अत्यावश्यक नसेल तर हात लावू नये. दुरुस्ती उपलब्ध नसेल, तर त्रुटी असलेली सेवाच बंद ठेवावी.

आणि राउटर बसलाच, तर लगेच रीस्टार्ट करण्याचा मोह आवरावा. कन्सोल केबल (संगणक थेट राउटरला जोडणारी केबल) लावून सीपीयू, मेमरी, इनपुट रांग आणि क्रॅशची नोंद आधी उतरवून घ्यावी, कारण रीस्टार्टनंतर यातील बरेचसे पुसले जाते आणि कंपनीला त्रुटी दाखवायला काहीच उरत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा हल्ल्याची माहिती तो लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवणे आणि लॉग (उपकरणांनी केलेल्या नोंदी) १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. तेव्हा लॉग राउटरवर न ठेवता वेगळ्या सर्व्हरवर पाठवावेत आणि सर्व उपकरणांची घड्याळे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळवून ठेवावीत.