पावसाळ्यानंतर चेनसॉ सुरू होत नाही? आधी नळी बघा, मग कार्ब्युरेटर

पाऊस ओसरला की आंबा-काजूच्या बागेत वाळलेल्या आणि बांडगूळ लागलेल्या फांद्या काढायचं काम निघतं, आणि जूनपासून पडून असलेला चेनसॉ नेमका तेव्हाच सुरू होत नाही. बहुतेक वेळा टाकीत राहिलेलं पेट्रोल याला कारण असतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं, पाणी तळाला बसतं आणि कार्ब्युरेटरचे पडदे कडक पडतात.

तरीही लगेच कार्ब उघडू नका. जुनं पेट्रोल ओतून टाका. प्लग काढून सिलिंडरमध्ये पेट्रोल-ऑइलचं अर्धा चमचा ताजं मिश्रण घाला, प्लग बसवून दोरी ओढा. दोन-तीन सेकंद चालून बंद पडला, तर ठिणगी ठीक आहे, पेट्रोल पोचत नाही. मग टाकीतला फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर ओढा आणि पेट्रोलची नळी बोटांनी वाकवून बघा. जुनी नळी वळणाशी चिरते. तिथून पेट्रोल गळेलच असं नाही, पण हवा ओढली जाते. झाकण सैल केल्यावर मशीन नीट चालत असेल, तर टाकीचं हवेचं छिद्र बुजलंय. हे सगळं चांगलं निघालं, तरच कार्ब काढा.

एका बाजूला पंपाचा पडदा असतो, दुसऱ्या बाजूला पेट्रोलचं माप ठरवणारा. उघडताना प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो काढा. मापाच्या बाजूला आधी पॅकिंग, मग पडदा बसतो. पंपाच्या बाजूला बहुतेक कार्बमध्ये हा क्रम उलट असतो. गोंधळ इथेच होतो. पडदा मऊ हवा. हलवल्यावर कागदासारखा करकरला तर बाद. पंपाच्या झाकणाखालची बारीक जाळी साफ करा. मापाच्या बाजूला पेट्रोल सोडणारी-अडवणारी सुई असते. तिच्या टोकाला गोल खाच पडली असेल तर सुई बदला. सुई उचलणाऱ्या छोट्या पट्टीची उंची आधी मोजून ठेवा. ती जास्त झाली तर पेट्रोल वाहतं, कमी झाली तर जोर लावताच मशीन दम तोडतं. पट्टीखालची स्प्रिंग ताणू नका, कापू नका. कार्ब क्लीनर मारण्यापूर्वी पडदे आणि रबरी भाग काढून ठेवा. छिद्रांत तार घालू नका. जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक छिद्र, रुंद झाला की पेट्रोलचं माप कायमचं बिघडतं.

वॉल्ब्रो किंवा झामा कंपनीचा कार्ब असेल तर त्याच्या अंगावरचा नंबर दाखवून पडदे-पॅकिंगचं किट घ्या. 52–58 सीसीच्या स्वस्त चिनी मशीनला मात्र किट शोधत बसण्यापेक्षा अख्खा कार्ब बदललेला परवडतो. नवा बसवताना पॅकिंगचं छोटं छिद्र इंजिनाच्या दाबाच्या छिद्रावर नीट आलं पाहिजे. पॅकिंग उलटं बसलं की पंप चालतच नाही, आणि नवा कार्बच खराब निघाला असं वाटतं. कार्ब आणि सिलिंडरमधला रबरी जोडही चिरलेला नको.

कार्बवरचे एल (कमी वेगाचं पेट्रोल) आणि एच (जास्त वेगाचं पेट्रोल) स्क्रू हलक्या हाताने टेकवून साधारण एकेक फेरा उलटा सोडा. मशीनच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो धरा. साखळीची लांब पट्टी (बार), साखळी आणि स्वच्छ एअर फिल्टर लावूनच मशीन तापवा. आधी एल लावा: ट्रिगर दाबताच अडखळलं तर किंचित सोडा. एच फुल थ्रॉटलला, पण एका वेळी काही सेकंदच. मोकळं असताना आवाज थोडा फाटका, लाकडात शिरल्यावर साफ, असा हवा. मोकळ्यातच चिरका, तीक्ष्ण आवाज येत असेल तर पेट्रोल कमी पडतंय. तेल पेट्रोलमधूनच जात असल्याने तेही कमी पडतं आणि पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो. स्क्रू फिरवून आवाज बदलत नसेल, तर कुठेतरी हवा शिरतेय. स्क्रूने ती लपवू नका. शेवटी टी स्क्रूने आयडल (ट्रिगर सोडल्यावरचा वेग) इतकं ठेवा की साखळी अजिबात फिरणार नाही. तरीही फिरत असेल तर क्लच तपासल्याशिवाय मशीन वापरू नका.

मिश्रण कंपनीने सांगितलेल्याच प्रमाणात करा. 50:1 म्हणजे लिटरला 20 मिली ऑइल, 25:1 म्हणजे 40. महिन्याभरात संपेल एवढंच बनवा. काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.